एल्डनच्या गाडीतली गरम सीट

गाडी निवडावी तर मीच! अमेरिकेच्या वरमाँट राज्यातल्या आमच्या गावात या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तर आमच्या डिझेल गाडीचं प्रकरण निघालं, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, "लोरेन, आता बघच! या डिझेलच्या जागी अशी गाडी आणतो की अख्ख्या वरमाँटनं वळून बघावं!"

"अख्ख्या वरमाँटनं कशाला?" लोरेन बटाटे वाढत म्हणाली. "माझ्या गुडघ्याला जमेल अशी आण म्हणजे झालं."

तिच्या गुडघ्याचं उन्हाळ्यात ऑपरेशन झालेलं. पण गाडी निवडताना असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकलं की माणूस संपला!

प्रकरण तुम्हालाही माहीत असेल. कंपनीनं धुराच्या बाबतीत लबाडी केली होती. तपासणीला उभी केली की गाडी एकदम साळसूद, आणि रस्त्यावर आली की मागून वाट्टेल ते सोडणार! सरकारनं कान पिळले, आणि आता कंपनी सगळ्या गाड्या परत विकत घेणार होती. मला खरं तर वाईट वाटत होतं. काय गाडी होती हो! बर्फातली चढण गुरगुरत चढायची. एकदा टाकी भरली की कॅनडात बहिणीकडे जाऊन, भांडून, परत यायची.

अटी दोनच. गाडी स्वतःच्या ताकदीवर चालत शोरूमपर्यंत आली पाहिजे, ही एक. आणि ठरल्यापेक्षा जास्त मैल पळाली तर किंमत उतरणार, ही दुसरी. मी दुसरी अट वाचली आणि पहिली विसरलो. नोव्हेंबरात गाडी गोठ्यात उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि फर्मान काढलं, "आमची तारीख मार्चअखेरची आहे. तोवर या गाडीचं चाक फिरणार नाही!"

"आणि मी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला कशी जाऊ?"

"कुणाला तरी विचार. एवढी माणसं आहेत गावात!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता एल्डनबद्दल सांगायला पाहिजे. एल्डन पाइक. आमच्या कच्च्या रस्त्यावर शेतापलीकडे राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात तो आणि डीकन नावाचा त्याचा म्हातारा कुत्रा. माणूस चांगला आहे. तोच तर त्रास आहे! मी मेपलच्या झाडांच्या रसाचा गोड पाक काढतो, तोही काढतो. जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत दर वर्षी त्याला. मी डिझेल गाडी घेतली, पुढच्याच आठवड्यात त्यानं तीच घेतली, त्याच रंगाची. आणि परत करायची वेळ आली तर हा गडी नाताळाच्या आधीच देऊन मोकळा! येताना घेऊन आला एक निळी, विजेवर चालणारी गाडी. आवाज नाही, धूर नाही, नुसती सरपटत येते. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

तरी मी सहन केलं. पण फेब्रुवारीत एका संध्याकाळी पडदा जरासा बाजूला केला, पक्षी बघायची दुर्बीण सहज डोळ्याला लावली, तर काय! एल्डनच्या गाडीत पुढच्या सीटवर लोरेन! आणि हसतेय! साधंसुधं नाही, मान मागे टाकून, डोळे पुसत! माझ्या गाडीत ती शेवटचं कधी हसली होती हे मला आठवेना. एकदा वाहतूक पोलिसानं मला थांबवलं होतं तेव्हा, बहुतेक.

ती घरात आली तेव्हा मी पेपर वाचत होतो. उलटा.

"कशी झाली तालीम?"

"मस्त."

"एल्डनबरोबर आलीस?"

"तूच म्हणालास ना, कुणाला तरी विचार? विचारलं."

"कुणाला तरी म्हणजे एल्डनला?"

"या रस्त्यावर दोनच घरं आहेत, आर्मंड!"

"आणि हसायला काय झालं होतं एवढं?"

"तुला कसं कळलं मी हसत होते?" तिनं माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं. "सीट गरम होते रे त्याची. बटण दाबलं की पाठ अशी शेकून निघते. बरं वाटतं."

सीट गरम होते! माझ्या अंगाची आग झाली ती वेगळीच, तिला कुठलं बटण लागत नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. खरं सांगू? गाडीचं जाऊ द्या. आपल्या बायकोला दुसऱ्याच्या गाडीत एवढं हसू येतं, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

मग मी निवड सुरू केली. एल्डनची गाडी निळी? माझी लाल! त्याची बुटकी? माझी उंच! त्याची मुकी? माझी अशी गरजणार की त्याच्या स्वयंपाकघरातल्या बश्या वाजल्या पाहिजेत! कुणाकुणाच्या गाडीतून जाऊन मी शोरूम पालथी घातली, ढीगभर माहितीपत्रकं आणली, वाचून झाली की ती जपून गोठ्यातल्या डिझेल गाडीत ठेवली आणि शेवटी एक पिकअप ट्रक पक्का केला. डिझेल द्यायच्या आदल्या दिवशी विक्रेत्यानं तो एका दिवसासाठी चालवून बघायला दिला.

"संध्याकाळपर्यंत परत आणा साहेब," तो म्हणाला. "आणि रस्त्यावरच ठेवा बरं का, सध्या चिखलाचे दिवस आहेत."

मला सांगतोय! माझा जन्म त्या चिखलातला!

लोरेन पिकअपसमोर उभी राहिली आणि वर बघू लागली. "आत कसं चढायचं?"

मी पाकाची पत्र्याची बादली पालथी घातली. "हिच्यावर पाय ठेव!"

"आणि चर्चपाशी उतरताना?"

"बादली बरोबर घ्यायची!"

ती बादली उचलून जागेवर ठेवून आली.

मला मात्र घाई होती. एल्डन दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून सूप पितो. त्या खिडकीतून आमचं शेत दिसतं. रस्त्यावर गाडी उभी केली तर मेपलची झाडं आड येतात. शेताच्या मधोमध केली, तर सूपचा घोट घशात अडकेल! मी पिकअप शेतात घातला. मधोमध थांबवला. भोंगासुद्धा वाजवला. एल्डन खिडकीत आला. मी हात हलवला. त्यानंही हलवला, जरा जास्तच जोरात. मला वाटलं, जळतोय! तो बिचारा 'मागे फिर, मागे फिर' म्हणत होता.

वरमाँटमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं की मार्चमध्ये शेतात चाक घालायचं नसतं. वरून जमीन टणक दिसते, आत वितळलेल्या बर्फानं सगळी लापशी! मी दार उघडून खाली उतरायला गेलो, तर उतरावंच लागलं नाही. जमीन दाराशी आली होती.

"लोरेन!" मी ओरडलो. "काळजी करू नकोस! डिझेलनं ओढून काढतो!"

"उद्या परत द्यायची गाडी? तिनं?"

"बैल आहे ती, बैल!"

गोठ्यात गेलो, ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. तिसऱ्यांदा तीही नाही. आणि वास! इंजिनाचं झाकण उघडलं तर हवेच्या गाळणीत उंदरांनी अख्खं घर थाटलेलं. माझी लोकरीची टोपी होती त्यात. आणि माझी सगळी माहितीपत्रकं, बारीक बारीक कुरतडलेली! माझ्या इतक्या दिवसांच्या अभ्यासावर पाच-सहा गुलाबी पिल्लं झोपली होती.

"चला," मागून लोरेन म्हणाली, "कुणाच्या तरी कामाला आला अभ्यास."

शेतात दुसऱ्याचा पिकअप पोटापर्यंत रुतलेला, गोठ्यात माझी गाडी मेलेली आणि उद्या तीच गाडी चालत शोरूमला न्यायची! नाहीतर कंपनी हात वर करणार आणि हे धूड माझ्या गळ्यात राहणार. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्याकडे चिखलाच्या दिवसांत बोलवावं लागत नाही, रुतलेला दिसला की शेजारी साखळी घेऊन येतोच. पण आमच्या रस्त्यावर दोनच घरं आहेत, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

एल्डननं साधा टोमणाही मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं! त्यानं ट्रॅक्टर कडेच्या खडकावर उभा करून साखळीनं पिकअप ओढून काढला. मग गोठ्यात आला, उंदरांचं घर अलगद उचलून गवताच्या पेंढीत ठेवलं, गाळणी झटकली, एक कुरतडलेली तार चिकटपट्टीनं जोडली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावल्या.

"मार किल्ली."

गाडी खोकली, थरथरली आणि धडाडून सुरू झाली! काळा धूर गोठाभर पसरला. लोरेन नाक दाबून बाहेर पळाली. एल्डन मात्र तिथेच उभा. डोळे मिटून त्यानं लांब श्वास घेतला.

"काय आवाज आहे रे," तो म्हणाला. "आर्मंड, तुझा हेवा वाटतो बघ मला."

"माझा?"

"मी देऊन टाकली घाईघाईत. ही नवी काही बोलतच नाही. मी घरी आलो तरी डीकनला पत्ता लागत नाही. पूर्वी वळणावरूनच भुंकायला लागायचा."

मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू! पण पोटातलं दुखणं होतंच. मी विचारून टाकलं, "एल्डन, लोरेन तुझ्या गाडीत एवढी हसते कशाला?"

एल्डनचे कान लाल झाले. "ते... तिलाच विचार बाबा," म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.

पिकअप संध्याकाळी परत केला. विक्रेत्यानं तो पाहिला, मला पाहिलं आणि दुसऱ्या शोरूमचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी डिझेल घेऊन आम्ही निघालो. वाटेत बंद पडली तर असावं म्हणून एल्डन मागून आला. पडली नाही हो! शेवटपर्यंत गुरगुरत गेली. कंपनीची बाई गाडीभोवती फिरली, आत वाकून बघू लागली.

"स्वतःच्या ताकदीवर आली ना?"

"म्हणजे काय! बैल आहे, बैल!"

एवढ्यात समोरच्या हवेच्या जाळीतून एक उंदीर बाहेर डोकावला. लोरेननं शांतपणे आपली पर्स तिथे टेकवली. बाईनं सही केली, मी किल्ली दिली. गाडीच्या टपावर एकदा हात फिरवला.

"आता घरी कोणत्या गाडीनं जाणार तुम्ही?" बाईनं सहज विचारलं.

मी लोरेनकडे पाहिलं. लोरेननं माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी गाडी निवडत होतो, आणि गाडी घेतलेलीच नव्हती!

बाहेर एल्डनची निळी गाडी उभी होती. लोरेन सवयीनं पुढे बसली, न विचारता बटण दाबलं आणि पाठ टेकवली. मी मागे. गाडी आवाज न करता निघाली. शहर संपायच्या आत लोरेन एल्डनकडे वळली.

"कालचं पहिल्यापासून सांगू? तर हा म्हणतो, बादली बरोबर घ्यायची!"

एल्डन फिस्सकन हसला. "आणि फेब्रुवारीतलं ते? दुर्बीण गळ्यात, पेपर उलटा?"

"अरे, ते तर सगळ्या गाणाऱ्या बायकांना पाठ झालंय!"

आणि लोरेन हसायला लागली. मान मागे टाकून, डोळे पुसत! म्हणजे हिवाळाभर त्या गाडीत मीच होतो. फक्त मला बोलावलं नव्हतं. मी तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत राहिलो, पण ती उंदरांपर्यंत आली तेव्हा मलाही राहवेना. चांगलं सांगते हो ती.

अजून लोक विचारतात, "काय आर्मंड, डिझेलच्या बदल्यात शेवटी कुठली गाडी निवडलीस?" मी सांगतो, विजेवरची, निळी. कुणाची ते सांगत नाही. माझी जागा मागे डावीकडे, उजवीकडे डीकन बसतो. मागच्या सीटला बटण नाही, पण कुत्रा बऱ्यापैकी गरम असतो!