कप्तान, मेंढपाळ आणि माझी शिवण

सुज्ञ वाचकहो, आरंभीच नम्रतापूर्वक नमूद करतो, की पुस्तकबांधणीच्या कामात माझा हात धरील असा इसम आमच्या पंचक्रोशीत नाही! माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. उर्वरित शिक्षण फाटक्या पुस्तकांनी पूर्ण केले. इतर लोक पुस्तक वाचून मग मत देतात. मी पुस्तक नुसते हातात घेऊन वाचकांचे मत सांगतो! पाने कोरी व करकरीत असली, तर समजावे, पुस्तक बक्षीस मिळालेले आहे. कोपरे मुडपलेले असले, तर वाचक झोपाळू. आणि एखादे पान भिजून वाळल्यासारखे फुगलेले असले, तर त्या पानावर नायिकेला नायकाचे पत्र हमखास मिळालेले असते!

अशी फुगीर पुस्तके माझ्याकडे एकाच ठिकाणाहून येतात. ते म्हणजे आमच्या चर्चचे वाचनालय. तेथील व्यवस्था माझी पत्नी पाहते. त्या वाचनालयात जुन्या काळातील ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचे एक कपाट आहे. काय ते वाङ्मय! घोडागाड्या, कंदील, घोट्यापर्यंतचे झगे आणि सज्जन नायक! नायिकेचा हात हाती घेण्यापूर्वी नायक दोन प्रकरणे प्रार्थना करतो, आणि ‘हो’ म्हणण्यापूर्वी नायिका आणखी तीन प्रकरणे करते. हल्ली लोक रस्ता ओलांडतानासुद्धा इतका विचार करीत नाहीत!

अशा त्या कपाटावर एके दिवशी संकट कोसळले. पत्नी घरी आली ती फणकारतच.

“अहो, ऐकलंत का? हेडसर कपाट रिकामं करा म्हणतायत! तिथं शब्दकोश ठेवणार म्हणे!”

हेडसर म्हणजे वाचनालयाचे नवे अध्यक्ष. सेवानिवृत्त मुख्याध्यापक. ते नुसते खाकरले तरी भिंतीवरचे घड्याळ सावधान स्थितीत उभे राहते, असा त्यांचा दरारा!

“शब्दकोश?” सासूबाई कडाडल्या. त्या कपाटातील यच्चयावत कादंबऱ्या त्यांनी वाचलेल्या आहेत, काही तर डोळे मिटूनही म्हणून दाखवतील. “शब्दकोश वाचून कुणी रडलंय का कधी?”

“मी रडलो आहे,” मी प्रांजळपणे म्हणालो. “सातवीत.”

“तुम्ही गप्प बसा हो!” पत्नी म्हणाली. “रविवारी उपासनेनंतर सभा आहे. तिथं हात वर करून निकाल. सरांनी त्याआधी एक कादंबरी वाचून बघायचं कबूल केलंय. त्यांना सगळ्यांत चांगली द्यायला हवी. पण सगळ्यांत चांगली, तीच सगळ्यांत फाटलीय!”

“आण ती इकडे!” मी छाती पुढे काढून वदलो. “अशी बांधून देतो, की खुद्द लेखिकेला नवी वाटेल. नुसती तीच काय, जोडीला आणखी एक आण. एका बैठकीत दोन!”

हा जो ‘दोन’ शब्द माझ्या मुखातून बाहेर पडला, त्याने पुढील सर्व अनर्थ केला.

पत्नीने दोन कादंबऱ्या आणून दिल्या. पहिलीत एक शिक्षिका बंदरावर उभी राहून कप्तानाची वाट पाहते. दुसरीत एक तरुण विधवा आपल्या लहान मुलीसह डोंगरावर राहते व तेथे तिला एक अबोल मेंढपाळ भेटतो. दोन्ही एकाच मालेतील, एकाच आकाराच्या, एकाच टायपातील. नायिकांची नावेदेखील एकच, कारण या कादंबऱ्यांत सद्गुण अमाप असले तरी नावे मोजकीच असतात.

पुस्तक उसवले, की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांची घडी. फर्म्याच्या तळाशी क्रमांक असतो. त्या क्रमाने लावायचे, शिवायचे, खळ लावायची व शिकंजा नावाच्या दाबयंत्रात घट्ट आवळून ठेवायचे. मी दुकानातील टेबलावर पूर्वार्धांच्या दोन चळती मांडल्या व मागचे दोन गठ्ठे शेजारी ठेवले. इतक्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि त्यांची दृष्टी मेंढपाळावर पडली.

“जावईबापू, एवढा मागचा भाग जरा बघू? बर्फाच्या वादळाचा आहे.”

“आपण तो अनेकदा वाचला आहे ना?”

“जेवण आपण एकदाच करतो का?”

त्या मागचा गठ्ठा घेऊन खिडकीशी बसल्या. मी आणखी चहासाठी आत घरात गेलो. परत येऊन पाहतो, तो त्यांनी मागचे दोन्ही गठ्ठे चळतींवर ठेवून टेबल आवरले होते, व डोळे पुशीत त्या निघून गेल्या होत्या. मी क्रमांक तपासले. एकापुढे दोन, दोनापुढे तीन, सर्व यथास्थित! मी शिवायला बसलो.

कप्तानाचे पुस्तक आधी तयार झाले. माझा असा परिपाठ आहे, की पुस्तक सुपूर्द करण्यापूर्वी ते मी अथपासून इतिपर्यंत वाचतो. त्याला मी तपासणी म्हणतो. पत्नी त्याला कामचुकारपणा म्हणते. शनिवारी सकाळी हेडसर न्यायला आले, तेव्हा माझे डोळे पाणावलेले होते.

“सर,” मी म्हणालो, “काहीही करा, पण शेवट चुकवू नका! दगडाला पाझर फुटेल असा शेवट आहे!”

“बघू,” असे म्हणून हेडसरांनी पुस्तक असे धरले, जणू नापास विद्यार्थ्याचा कान!

रविवारी सभा भरली. वाचनालयाची खोली गच्च! प्रथम वाचकांनी मते मांडली.

नर्सबाई उठल्या. “दिवसभर वॉर्डात मी रक्त आणि आरडाओरड बघते. घरी गेल्यावर मला असं पुस्तक हवं असतं, ज्यात फार तर ताप येतो, आणि तोही प्रार्थनेनं उतरतो. हे कपाट हलवलंत, तर माझं ब्लडप्रेशर तुम्ही मोजा!”

टाळ्या पडल्या.

“पण शेवटी लग्न होणार, हे पहिल्याच पानावर कळतं,” हेडसर म्हणाले. “मग वाचायचं कशाला?”

“सर,” सासूबाई तत्काळ उठल्या, “शेवटी घंटा होणार, हे तुम्हाला रोज सकाळी ठाऊक असायचं. मग शिकवलंत कशाला?”

खोलीत हशा उसळला. पत्नीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. तोच हेडसर खाकरले. सर्वजण ताठ बसले!

“मी ही कादंबरी संपूर्ण वाचली. पूर्वार्ध...” येथे त्यांनी चष्मा पुसला. “पूर्वार्ध बरा आहे.”

वाचकहो, हेडसरांच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे इतरांचे सुवर्णपदक! परंतु त्यांचा चेहरा लाल झाला.

“परंतु पुढे वाचकांची घोर फसवणूक आहे! कप्तान वादळात सापडतो. ऐका: ‘कप्तानाने सुकाणू घट्ट धरले. आकाशाएवढी लाट उठली आणि’... मी पान उलटतो, तो काय? ‘दोन्ही कोकरे पोटभर दूध प्यायली. मेंढपाळ समाधानाने हसला!’ जहाज कुठं गेलं? कप्तान कुठं गेला? बंदरातल्या कुमारी शिक्षिकेला एकदम एक मुलगी कशी झाली?”

खोलीत कुजबूज पसरली. अशा वेळी बेकरीवाले गप्प बसतील तर शपथ! ते प्रत्येक सभेला बिस्किटांचा डबा आणतात व न वाचलेल्या पुस्तकांवर मते देतात.

“सर, ते रूपक आहे,” ते म्हणाले. “कोकरू म्हणजे आत्मा. मेंढपाळ म्हणजे प्रभू.”

“शेवटी ती मेंढपाळाशी लग्न करते!”

“हां... म्हणजे ती मठात गेली.”

“आणि लग्नात मेंढपाळाचा सख्खा भाऊ बासरी वाजवतो, तो कोण?”

बेकरीवाल्यांनी बिस्किटांचा डबा उघडला व त्यात तोंड घातले.

“असली पुस्तकं कपाटात ठेवणं योग्य नाही!” हेडसर गरजले. “ज्यांना कपाट रिकामं करावंसं वाटतं, त्यांनी हात...”

पत्नीचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात सासूबाई माझ्या कानाशी लागल्या.

“जावईबापू, त्या दिवशी मागचा गठ्ठा मी कुठल्या चळतीवर ठेवला होता हो?”

माझ्या पायांखालील जमीन शिकंज्यातून सुटल्यासारखी सरकली! मी उभा राहिलो.

“सर, थांबा! लेखिका निर्दोष आहे! दोष शिवणीचा आहे! पूर्वार्ध कप्तानाचा आणि उत्तरार्ध मेंढपाळाचा, अशी माझ्या हातून गाठ मारली गेली!”

मला वाटले, आता हेडसर मला बाकावर उभे करणार. परंतु ते दोन पावले पुढे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे... कप्तानाचा शेवट अस्तित्वात आहे?”

“आहे, सर.”

“कुठं?”

“माझ्या दुकानात. मेंढपाळाच्या पुस्तकात. पण ते शिकंज्यात आहे. कालच खळ लावलीय, अजून ओलं...”

“चला!”

सर्व सभा माझ्या दुकानात लोटली! मी शिकंज्याची मूठ फिरवीत होतो, तर हेडसर “जोरात! जोरात!” म्हणून मला प्रोत्साहन देत होते. पुस्तक निघताच त्यांनी ते झडप घालून घेतले, नेमके पान काढले आणि उभ्याउभ्याच मोठ्याने वाचू लागले. लाट फुटली. शीड फाटले. कप्तान किनाऱ्यावर निपचित पडला. नर्सबाईंनी माझा बाहू इतका आवळला, की तेथे आजही ठसा आहे!

“सर,” पत्नी चाचरत म्हणाली, “ते मतदान...”

“गप्प बसा! कप्तान शुद्धीवर येतोय!”

आणि कप्तानाने डोळे उघडले. समोर शिक्षिका. हेडसरांचा आवाज कापू लागला, चष्मा धुरकटला, आणि टप्पकन एक थेंब पानावर पडला. माझ्या डोळ्यांदेखत ते पान फुगले!

कुणी हात वर केला नाही. त्याची आवश्यकताच उरली नव्हती.

“कपाट राहील,” हेडसर नाक पुशीत म्हणाले. “शब्दकोश माझ्या घरी न्या. हे पुस्तक मी आठवडाभर ठेवतो.” मी ते नव्याने बांधण्यासाठी मागितले, तर त्यांनी दिले नाही, आणि द्यायचे म्हटले तरी देता आले नसते, कारण ओल्या खळीमुळे त्यांची बोटे पुठ्ठ्याला पक्की चिकटली होती. नर्सबाईंनी ती कोमट पाण्याने सोडविली.

सर्वजण पांगल्यावर पत्नीने कमरेवर हात ठेवले.

“अहो, एक सांगा. सरांना देण्याआधी तुम्ही ते पुस्तक सगळं वाचलं होतंत ना?”

“अथपासून इतिपर्यंत.”

“कप्तान मध्येच नाहीसा होतो, हे तुमच्या लक्षात आलं नाही?”

“आलं की. मला वाटलं, तो बुडाला, आणि प्रभूनं तिची दुसरीकडे सोय केली.”

“आणि ती मुलगी?”

“तीही प्रभूचीच कृपा.”

सासूबाई पदरात तोंड लपवून हसू लागल्या. मी मान खाली घालून पुनश्च सुई ओवली. आठवड्याने हेडसरांकडून पुस्तक परत आले; दोन्ही पुस्तके आता यथायोग्य शिवली आहेत, आणि फर्मे लावताना सासूबाईंना दुकानात प्रवेश नाही.

तथापि, वाचकहो, आपल्यापुरते सांगतो. कप्तानाचा खरा शेवट मी नंतर एकांतात वाचला. उत्तम आहे, भाषा सुंदर आहे, लग्नही होते. पण खरे मत विचाराल, तर त्यात कोकरे नाहीत!