इंगळे काका आणि माशाची उलटतपासणी

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर लिहिणाऱ्याला थोडा तरी अधिकार हवा. मला तो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर सलग असं काही लिहिलं असेल तर ती परीक्षेतली उत्तरं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते माझे घरमालक आहेत, हयात आहेत आणि मराठी वाचतात. तेव्हा चुकलंमाकलं असेल तर आधीच माफी मागून ठेवतो. पण इंगळे काका माशाशी बोलतात, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

बोलतात म्हणजे लाडानं नव्हे. उलटतपासणी घेतात. बाजारातून आणलेला रोहू मागच्या अंगणातल्या ओट्यावर आडवा ठेवतात, समोर स्टूल ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारतात, "हाँ, तो पानी से कब निकले थे? सच बोलना." माणसांशी काका मराठीत बोलतात, माशांशी हिंदीत. मी एकदा भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "जबलपूरचा मासा हाय. त्याले मराठी कुठून समजन?"

मासा उत्तर देत नाही, त्यामुळे काकांचा संशय वाढतो. मग ते त्याचे कल्ले उचलून आतला लाल रंग बघतात. तो फारच लाल असला तर रंग लावला असेल म्हणून कापसानं पुसून बघतात. पोटावर अंगठा दाबतात आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघतात. शेवटी पोट चिरून आतडी भिंगाखाली धरतात. चिखल निघाला तर मासा तळ्यातला, शेवाळ निघालं तर नदीतला, काहीच निघालं नाही तर त्याला उपाशी ठेवून विकलाय. बहुतेक वेळा निकाल एकच असतो. "रिजेक्ट," म्हणून काका मासा ओट्याच्या डाव्या बाजूला सरकवतात. आमच्या गल्लीतल्या मांजरी त्यामुळे नेहमी ओट्याच्या डावीकडेच बसतात.

काकांनी तीसेक वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. मशीनवरून आलेला तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, आणि शंका आली की बाजूला टाकायचा. काका निवृत्त झाले, शंका नोकरीत राहिली. दूधवाल्याचं दूध ते नखावर घेऊन बघतात. पेपर आला की आधी तारीख वाचतात, न जाणो कालचा टाकला असेल. मी खोली बघायला आलो तेव्हा माझी मार्कशीट त्यांनी उजेडाकडे धरली होती. मग म्हणाले, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, शेती.

हे खरं नव्हतं. माझे वडील वैनगंगेत जाळं टाकतात. त्यांचे वडीलही तेच करायचे. पण त्याआधी दोन ठिकाणी मी खरं सांगितलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी खोली नेमकी त्याच सकाळी दुसऱ्या कोणाला दिलेली निघाली. म्हणून तिसऱ्या ठिकाणी मी शेती केली. काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण माझे कल्ले काही उचलले नाहीत. मला मागची खोली मिळाली, आणि नाव असूनही त्या दिवसापासून मी "कॉलेज" झालो. "कॉलेज, बादली आण." "कॉलेज, दिवसभर काहून झोपून राहिला?"

आता काकांना इतका चोख मासा कशासाठी हवा होता, ते सांगायला हवं. पुढच्या खोलीत काकू असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात चालत नाही, बोलणं एक-दोन शब्दांचं उरलंय. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असतात. मी आलो तोवर त्यांचं जेवण सुटत चाललं होतं. वरणभाताचे दोन चमचे झाले की तोंड मिटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी हा शब्द काकांनी मला एकदाच सांगितला, तोही अंगणात, दार लावून.

काकूंना आवडायचा तो एकच पदार्थ, माशाचा रस्सा. चांगल्या होत्या तेव्हा त्याच करायच्या. म्हणून काका आता स्वतः करायचे. शहरातल्या ओमतीपासून नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत कुठलाही मासेवाला सोडला नव्हता. एखादा मासा परीक्षेत पास झाला की रस्सा व्हायचा. मग काका काकूंसमोर बसायचे आणि भिंग लावून, चिमट्यानं एकेक काटा काढायचे. एका घासाला दहा मिनिटं लागायची. काकू तो घास तोंडात घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि डाव्या हाताच्या एका बोटानं ताटली पुढे सरकवायच्या.

"नाही."

चाळीस वर्षं काकांनी त्यांच्या स्वयंपाकाची तपासणी केली होती. आता तपासनीस बदलला होता. काका ताटली उचलून बाहेर यायचे आणि मला सांगायचे, "मालच खराब. हे लोक बर्फातला देऊन राहिले." दुसऱ्या दिवशी आणखी लांबचा मासेवाला. तिलवाऱ्याचे लोक त्यांना लांबून बघूनच म्हणायचे, आ गए साहब, अब मछली की पेशी होगी, म्हणजे कोर्टातली हजेरी.

होळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा हे सगळं घरी सांगितलं. आई हसली, बाबा हसले नाहीत. परत निघायच्या दिवशी पहाटेच ते नदीवर गेले आणि एक रोहू घेऊन आले. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तो त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, त्या बाईले खाऊ घाल.

डबा घेऊन मी गाडीत बसलो खरा, पण जबलपूर येईपर्यंत घाम फुटला होता. मासा कुठून आणला म्हणून सांगायचं?

काकांनी डबा उघडला. मासा ओट्यावर ठेवला. डोळे बघितले, कल्ले बघितले, अंगठा दाबला. खड्डा लगेच भरला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा भरला. काकांचा चेहरा काळजीत पडला. नापास करायला काही सापडेना, याचा त्यांना फार त्रास झाला असावा.

"कुठून आणला?"

मी म्हणालो, तिलवाऱ्याहून.

"असा मासा कोणी विकत नाही," काका म्हणाले. "हा कोणीतरी घरी खायले ठेवला होता." मग त्यांनी स्टूल माझ्याकडे वळवलं, चष्मा कपाळावर चढवला, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हिंदीत बोलले. "चुराया है क्या? सच बोलना."

मी सगळं सांगून टाकलं. वडिलांचं जाळं, नदी, त्या दोन खोल्या, आणि न केलेली शेती.

काकांनी वडिलांचं नाव विचारलं, गावाचं विचारलं, कोणत्या स्टेशनवर उतरायचं ते विचारलं, आणि सगळं एका कागदावर लिहून घडी खिशात घातली. म्हणाले, "ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची राहून गेली हाय." माझी खोली गेली, हे मला कळून चुकलं.

मग त्यांनी तो मासा केला. मी दारात उभा होतो. त्यांनी आधी तुकडे केले आणि मग ते नळाखाली धरून पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत धूत राहिले. रस्सा उकळत असताना डावानं सारखे ढवळत राहिले, कुठे लागू नये म्हणून. आमच्याकडे असं कोणी करत नाही. तुकडे धुतले की चव पाण्याबरोबर जाते, आणि नाजूक मासा ढवळला की त्याचा भुगा होतो. पण खोटं पकडलं गेलेल्या माणसानं त्या क्षणी घरमालकाला स्वयंपाक शिकवावा, एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

काकूंनी घास घेतला. थांबल्या. बोट पुढे आलं.

"नाही."

काका ताटली धरून बसून राहिले. "मालात तं काही खोट नव्हती," ते म्हणाले. ते ना मला सांगत होते, ना काकूंना. इतके महिने त्यांनी नदीवर संशय घेतला, बर्फावर घेतला, मासेवाल्यांवर, माशांवर आणि शेवटी माझ्यावर घेतला. कारखान्यात मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असायचं. तपासणाऱ्याचे हात कोणी तपासत नसे. ते आता आपल्या हातांकडे बघत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मला सकाळीच उठवलं. काकूंजवळ बसायला सांगितलं. म्हणाले, "मी शहपुऱ्याला जाऊन राहिलो. जुना दोस्त हाय एक."

शहपुरा इथून फार लांब नाही. काका अंधार पडल्यावर परतले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. संशय हा साथीचा रोग असावा. मला काकांपासून लागला. त्यांचे बूट मी उलटे करून बघितले. तळाला वाळलेला चिखल होता, पण चिखल शहपुऱ्यातही असतो. माझी खात्री झाली की ते माझ्या जागी दुसरा भाडेकरू शोधताहेत, किंवा माझी चौकशी करताहेत. मी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. रविवारी काकूंजवळ बसायचो तेव्हा ते खोकंही सोबत असायचं. काकू खोक्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि तोंडाच्या अर्ध्या बाजूनं हसायच्या. मला वाटायचं, त्यांना निरोप द्यायचा असेल.

काकांच्या स्वयंपाकातही काहीतरी बदललं होतं. मासेवाला आता जवळचाच चालायचा. उलटतपासणी दोन प्रश्नांत आटपायची. कुठून तरी ते पुडीत चुलीची राख घेऊन आले होते. ती माशाला चोळून खवले काढायचे, अख्खा मासा धुवायचे आणि मगच कापायचे. डाव भिंतीला टांगलेला राहायचा. फडक्यानं भांडं धरून ते नुसतं गोल हलवायचे. मला वाटलं, मी दारात उभा असताना माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल, त्यावरून काका शिकले. थोडा अभिमानही वाटला.

पण काकू खातात की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. ताटली घेऊन आत गेले की काका दार लावून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "बघू." डॉक्टर येऊन गेले त्या दिवशीही "बघू." चांगली गोष्ट मोठ्यानं बोलली की बिघडते, असा त्यांचा चांगल्या गोष्टीवरही संशय. मांजरी मात्र हळूहळू दुसऱ्या घरी जायला लागल्या होत्या.

परवा संध्याकाळी आईचा फोन आला. पहिलंच वाक्य, "पुस्तकं काहून बांधून ठेवली बे?"

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं.

"तुह्या काकानं. चार रविवार झाले, येते ना तो इथं."

मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी काका खिशातला कागद बघत बघत घरी आले. त्यांचा चष्मा आणि चेहरा बघून बाबांना वाटलं, कोणी साहेब तपासणीला आलाय. त्यांनी आधी जाळं लपवलं. काका चुलीपाशी मांडी घालून बसले आणि वही काढली. आईनं ती बाजूला ठेवायला लावली, म्हणाली, लिहून काय होते, हात घाला. काका म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात खोट हाय. ती दाखवा." मला सांगू नका, असंही त्यांनीच बजावलं. पोराला वाटेल, मी चौकशीला आलो.

तिसऱ्या रविवारी राख, हळद, मीठ, वाटण सगळं जमल्यावर त्यांनी बाबांना एक विचारलं. बायकोच्या हातचं आवडलं तर तुमच्याकडं तिला काय म्हणतात?

बाबा म्हणाले, म्हणायचं काय त्यात, आणखी वाढ म्हणतो.

काकांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं, आई म्हणाली. मग म्हणाले, चाळीस वर्षं मी तिला फक्त काय चुकलं ते सांगितलं. आईनं त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होती ती.

माझी खोली आणि काकूंची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडची बातमी आधी माझ्या गावी गेली आणि तिथून फिरून माझ्यापर्यंत आली. आई सांगत होती, "काल दुपारी फोन आला होता त्याचा. म्हणते, वहिनी, तिनं आज आणखी मागितलं."