गाडीच्या पोटातली चरबी

हिवाळ्यात अल्ब्रेख्त हेफेलेने बायकोचं जॅम उकळायचं मोठं पातेलं गॅरेजमध्ये पळवलं, त्यात गंज रोखणारी चरबी वितळवली आणि वडिलांच्या जुन्या गाडीच्या पोकळ्यांमध्ये फवारली. दारांच्या पोटात, चौकटीत, जिथे हात पोचत नाही आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी मात्र बरोबर पोचतं, तिथे सगळीकडे. हात आखडता घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. "आता दहा वर्षं गंज हिच्याकडे फिरकत नाही," असं तो ज्याला त्याला सांगे. नुसती हवापाण्याची चौकशी करणारेही यातून सुटत नसत.

जूनमध्ये दक्षिण जर्मनीतल्या त्या श्वाबियात ऊन तापलं आणि गाडी ठिबकू लागली. चरबी पातळ होऊन सांध्यांत शिरते, उरलेली गळते. जाणकाराला ते पाहून समाधानच वाटतं. पण अंगण सामाईक होतं, आणि त्या आठवड्याच्या झाडलोटीच्या पाळीची पाटी शेजारच्या श्वेंकबाईंच्या दारावर लटकत होती. पाटी ज्याच्या दारावर, अंगणाची अब्रू त्याच्या हातात.

"हेफेले, तुमची म्हातारी गळतेय!"

"गळत नाहीये, श्वेंकबाई. संरक्षण जरा जास्त झालंय."

"मग ते संरक्षण दिवाणखान्यात नेऊन ठेवा की!"

अल्ब्रेख्तने खाली पुठ्ठे पसरले. ते भिजले, तेव्हा बायकोचे केक भाजायचे पत्रे सरकवले.

"पातेलं नेलंस, मी बोलले नाही," हेडविग कडाडली. "आता पोरीच्या लग्नाचे केक काय तुझ्या टकलावर भाजू?"

लग्न शनिवारी होतं. फ्रीडेरिकेला आजोबांच्या गाडीतून चर्चला न्यायचं, हे अल्ब्रेख्तने ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. पण पोरीने अंगणातले डाग पाहिले.

"पप्पा, माझ्या झग्याला एक थेंब जरी लागला ना, तर मी टॅक्सीने जाईन."

टॅक्सी! हा शब्द त्याच्या काळजात घुसला. दारांच्या खालची भोकं कधीही बुजवू नका, पाण्याला वाट हवीच, असं जुन्या गाड्यांच्या क्लबात टेबल आपटून सांगणारा हा माणूस. त्याने वाईनच्या बाटल्यांची बुचं घेतली आणि चारही दारांची भोकं ठोकून बंद केली. ठिबकणं थांबलं. त्या आनंदात त्याने नळी लावून गाडीला मनसोक्त आंघोळ घातली.

शनिवारी पहिल्याच वळणावर दारात गुडगुडलं.

"पप्पा, दारात मासे पाळलेस का?"

"जुन्या गाड्या बोलतात, बाळा," अल्ब्रेख्त म्हणाला, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

चर्चपाशी त्याने हलक्या हाताने दार उघडलं. फ्रीडेरिके कोरड्या झग्यानिशी पायऱ्या चढली. आता खरं तर त्याने तिच्यामागून आत जायचं. पण वडिलांच्या गाडीच्या दारात पाणी तुंबलंय, हे त्याला क्षणभरही सोसवेना. नव्या सुटासकट तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने बूच उपटलं. पाण्याची धार थेट त्याच्या बुटांवर आली.

"बघा!" श्वेंकबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "मी सांगत नव्हते, म्हातारी गळते म्हणून?"

क्लबचा अध्यक्ष ऑयगेन पुढे आला. "बूच? अल्ब्रेख्त, तू बूच मारलंस?" अल्ब्रेख्तची मान खाली गेली. ऑयगेनने धारेखाली ओंजळ धरली, पाणी उन्हात निरखलं आणि ओरडला, "अरे, हे तर नितळ आहे! एवढ्या जुन्या दारातून आलंय, आणि गंजाचा कण नाही!"

पाहुणे ओंजळ बघायला गोळा झाले. पायरीवरून फ्रीडेरिकेने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या पप्पांचं काम आहे ते!" ओल्या बुटांनी पचक पचक करत अल्ब्रेख्त लेकीला आत घेऊन गेला. इतका ताठ तो स्वतःच्या लग्नातही चालला नव्हता.

सोमवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. श्वेंकबाई उभ्या होत्या, हातात स्वतःचं जॅमचं पातेलं.

"माझ्याही गाडीत फवारा. गंज दारं खालून कुरतडत चाललाय."

"आनंदाने!" अल्ब्रेख्त फुलून गेला. "पण ऊन कडक आहे हो. अंगणभर ठिबकेल."

"ठिबकू दे की," म्हणत बाईंनी काखेतली झाडलोटीची पाटी काढली आणि त्याच्या दारावर अडकवली. "आजपासून आठवडा तुमचा."