ठकूबाईच्या झोपेंतून महाराजांची खुर्ची निपजली त्याची हकीकत

श्री. ज्यानें माणसाच्या पाठीस कणा दिला, आणि कण्यास वांकावयाची सोय दिली, आणि पुढें त्याच कण्यांत दुखणेंही घातलें, त्या जगन्नियंत्यास आमच्या कंबरेस झेपेल तितकें वांकून नमस्कार करून, शके अठराशें पंचावन्न, श्रीमुख नाम संवत्सर, या सालीं आमच्या राज्यांत जें वर्तलें तें डोळ्यांनीं देखिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव पुसूं नये. लहानसें राज्य, एक किल्ला, एक नदी, दोन बाजार, आणि कज्जे मात्र बादशाहीस पुरून उरतील इतके. महाराज मनाचे मोठे, बोलण्यास गोड, रयतेवर माया करणारे. परंतु या राज्याची रीत ऐसी कीं महाराजांनीं दरबारीं बसून दिला शब्द तोच हुकूम. उभ्यानें बोलले तर तें नुसतें बोलणें, आणि निजून बोलले तर तें बरळणें. आणि कज्जा ऐकतां ऐकतां महाराज मध्येंच उठले तर तो कज्जा मोडला, आणि वादी प्रतिवादी फिरून रांगेच्या शेपटास. कोण्या पूर्वजानें ही रीत घातली ठाऊक नाहीं, पण त्याची कंबर धड होती येवढें नक्की. तों आदल्या सालच्या दसऱ्यास महाराजांचा घोडा बुजला, आणि महाराज पालथे पडिले, आणि त्या दिवसापासून महाराजांस उभें राहतां येई, निजतां येई, पण बसूं गेलें कीं कळ थेट मस्तकांत जाई. गादीवर बसवेना, सिंहासनावर बसवेना, लोडास टेकवेना. वैद्यांनीं तेल चोळिलें, हकिमांनीं लेप दिला, आणि मग सर्वांनीं मिळून दैवावर ढकलिलें. दरबार बंद जाहला. कोणी म्हणेल, मग ती रीतच मोडावी. अहो, रीत मोडावयाचा हुकूम द्यावयासही बसावें लागत होतें!

आतां यांत कोणाचा जीव अडकला होता तें सांगतों. राजवाड्याचा मशालजी राणबा म्हणून होता, साधा माणूस, तोंडांत शब्द नाहीं. देवघरांतील रुप्याची थोरली समई नाहींशी जाहली, आणि दिवाणजींनीं राणबावर आळ घेतला, आणि बेड्या घालून किल्ल्याच्या तळघरांत टाकिला. पुढें काय जाहलें, तर दिवाणजींच्या मेहुण्याकडे बारसें निघालें, आणि तीच समई पाळण्यापाशीं भर ओसरीवर तेवत होती, आणि अर्ध्या गांवानें तिच्या उजेडांत जिलब्या खाल्ल्या. म्हणजे चोर कोण हें पोरासोरांसही कळलें. परंतु राणबास सोडावें कोणी? सोडणें तें महाराजांच्या बसल्या शब्दानेंच. राणबाची बायको ठकूबाई. ती रोज किल्ल्याच्या दाराशीं भाकर घेऊन जाई, आणि मग वाड्याच्या चौकांत येऊन उभी राही. उभीच राही, कारण लाकडाच्या मोळ्या वाहून वाहून तिचेंही कंबरडें मोडलें होतें, तिलाही बसवत नसे. सव्वा वर्ष बाई उभी! तळघरांत ओल, आणि राणबाचे पाय सुजत चाललेले, हें ती आल्यागेल्यास सांगे. आम्ही हळहळत होतों, आणखी काय करणार?

महाराजांच्या जिवासही ही टोंचणी होती. ते सज्जांत उभे राहून त्या बाईकडे पाहत, आणि पाहवेना कीं आंत जात. मग त्यांनीं इच्छा बोलून दाखविली कीं आम्हांस बसतें करील ऐसें आसन कोठेंही असो, आणावें. बोलणें उभ्यानें होतें म्हणून हुकूम नव्हता, तरी दिवाणजींस नाहीं म्हणतां येईना. मग सातासमुद्रांपलीकडच्या कारागिरांच्या खुर्च्या येऊं लागल्या. आणि काय त्या खुर्च्या, वाहवा! पहिली आली ती लोखंडी नळीची. एकच लांब नळी, तींत वाळू ठासून भरिली, जेणेंकरून वांकवितां चेपूं नये, आणि तापवून वळविली, आणि वर कातडें ताणिलें. मागले पाय मुळीं नाहींत! पुढल्या दोन पायांवर सारा डोलारा, आणि बसणारा अधांतरी. महाराज बसले तों खुर्ची डुलूं लागली. वादी बोलिला, गाय माझी. महाराज डुलले, तो समजला होकार. प्रतिवादी बोलिला, गाय माझी. महाराज पुन्हां डुलले. दोघेही गाईचें दावें धरून आनंदानें ओढूं लागले, आणि महाराज कळ येऊन उठले. मग दुसरी आली. चार सळया तिढ्यानें जोडिलेल्या, आणि त्यांवर चामड्याची झोळी टांगिलेली, दिसावयास फारच झोंकदार. महाराज तींत बसले ते आंतच गेले. गुडघे कानांशीं आले, मुकुट नाकावर आला. कज्जा तेवढा मोडला नाहीं, कारण महाराजांस उठतांच येईना. परंतु 'आई गं' याखेरीज मुखांतून शब्दही निघेना. हुजऱ्यांनीं बगलेंत हात घालून बाहेर ओढिले. तिसरी वाफेवर वांकविलेल्या काठ्यांची, वेताच्या जाळीची, चार मळसूत्रांत जोडावी आणि चार मळसूत्रांत उकलावी ऐसी. ती इतकी देखणी कीं आम्हांस वाटे ओवाळावी, पण कळ कांहीं थांबली नाहीं. कारागिरांस दोष देऊं नये. त्यांच्या त्यांच्या मुलखांत लोक त्याच खुर्च्यांवर सुखानें बसतात.

मग दोष कोणाचा? आमचाच. राज्यांत महाराजांच्या अंगाचें माप एकच होतें, तें शिंप्यापाशीं, अंगरख्याचें, उभ्यानें घेतलेलें. तेंच सर्वांस धाडिलें होतें. हें प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें, तर केरोबा सुताराच्या. हा केरोबा बंदरावर नावांच्या कारखान्यांत राहून आलेला, लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकमेकांस सरसानें चिकटवून, साच्यावर दाबून, पाहिजे तो आकार आणणारा. माणूस बढाईखोर, पान खाल्ल्याशिवाय बोलत नसे आणि बोलूं लागला कीं पान संपलें तरी थांबत नसे. पण हातांत गुण. तो म्हणाला, "उभ्या माणसाला बूड असतंय व्हय? बसल्यावर तें पसरतंय, पाठ वळतीय. मला बसलेलं माप द्या." दिवाणजी म्हणाले, "महाराजांना बसतां येत नाहीं, म्हणून तर खुर्ची." केरोबा म्हणाला, "मग ज्येचं तसंच दुखतंय असा दुसरा कुणी द्या." आणि त्यानें आपल्या पडवींत ओली शाडू माती मळून मोठा ढीग घातला, आणि सांगितलें कीं यांत बसून जिथें दुखेल तिथें सांगावें, मी माती काढीन, घालीन. सरदारांत कंबरदुख्यांचा काय तोटा? पण एकही पुढें होईना. एक म्हणाला, महाराजांच्या जागीं बसणें हा राजद्रोह. दुसरा म्हणाला, चिखलांत बसणें हा अपमान. आणि तिसऱ्याची कंबर त्याच क्षणीं बरी जाहली.

तों ठकूबाईनें हें ऐकिलें. ती तरातरा पडवींत आली आणि म्हणाली, "मला बसवा. माझ्यावाणी कंबर साऱ्या मुलखात कुणाची मोडली न्हाई." केरोबा म्हणाला, "अगं बाई, लुगडं मळंल." ती म्हणाली, "मळूं दे. माझा माणूस तिकडं कुजतोय, आन् तुला लुगड्याचं पडलंय?" मग ती बसली. आणि बसल्याबरोबर ओरडली. केरोबानें पाठीखालची माती दाबिली, ती ओरडली. मांडीखालची काढिली, ती ओरडली. माकडहाडाखालीं खळगा केला, तों तिनें केरोबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केरोबाही काय कमी? दोघांचें भांडण बाजारापर्यंत ऐकूं गेलें. ऐसें होतां होतां दुपार कलली, आणि ठकूबाई एकाएकीं गप्प जाहली. केरोबा घाबरला, वांकून पाहतो तों बाई झोंपलेली! तोंड किंचित् उघडें, हात मांडीवर सैल, आणि कपाळावरली आंठी गेलेली. सव्वा वर्षांत ती बाई बसून टेकली नव्हती, ती तेथें घोरूं लागली. केरोबाचे डोळे भरले. त्यानें पडवीचें दार लोटिलें, आणि स्वतः बाहेर बसून, कोणी मोठ्यानें खोकला तरी त्याच्या अंगावर धांवून गेला. ती जागी होईतों मातीनें तिच्या अंगाचा आकार घट्ट धरिला होता. सुखाचें माप ऐसें निघालें.

मग केरोबानें त्या खळग्यांत प्लास्टर ओतून ठसा काढिला, आणि ठशावर पापुद्रा, त्यावर सरस, त्यावर आडवा पापुद्रा, फिरून सरस, ऐसें करीत शिकंज्यांत दाबून ठेविलें. पाठ आणि बैठक जेथें मिळे त्या वळणावर लाकूड तडकलें. दुसऱ्यांदा केलें, पुन्हां तडकलें. केरोबानें पगडी आपटली, दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं, आणि मग तोडगा सुचला कीं लाकूड जर एकत्र नांदत नाहीं तर वेगळें करावें. पाठ निराळी, बैठक निराळी, आणि दोहोंस धरावयास ती पहिली डुलणारी लोखंडी नळी कापून तिचे पाय केले, आणि मधें रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे टेकलें कीं पाठ हळूच मागें सरे आणि उठलें कीं जागीं येई. तयार जाहली तेव्हां पाहावें तर सोनें नाहीं, कोंदण नाहीं, सिंहाचें तोंड नाहीं. सिंहासन हलवावयास आठ भोई लागत. ही एका हातानें उचलावी.

महाराज बसले. आम्ही श्वास धरून उभे. महाराजांनीं डोळे मिटिले, मग उघडिले, आणि म्हणाले, "चालवा." दरबारांत जो गलका उठला तो काय वर्णावा! थोराड माणसें रडलीं. गाईचा कज्जा निघाला, बांधाचा निघाला, विहिरीचा निघाला, आणि मग राणबास आणिलें. दोन शिपायांनीं दोहोंकडून धरिला होता, पाय सुजून खांबासारखे, आणि ठकूबाई त्याकडे पाहून ओठ चावीत उभी. बारशाचे साक्षीदार बोलूं लागले, तों दिवाणजींच्या तोंडचें पाणी पळालें. त्यांनीं हा डाव राखून ठेविला होता, ते पुढें होऊन म्हणाले, "सरकार, सांगण्यास जीभ धजत नाहीं, परंतु हें आसन उष्टें आहे. हा आकार सरकारच्या अंगाचा नव्हे. ही समोर उभी आहे त्या मोळीविकीच्या बुडाचा आहे. सरकारांनीं एक क्षणही येथें बसूं नये. उठावें!" महाराज उठले कीं कज्जा मोडला, आणि राणबा फिरून तळघरांत, आणि ते पाय घेऊन तो फिरून वर येता ना, हें सर्वांस दिसत होतें. ठकूबाईनें पदर तोंडांत कोंबिला.

महाराजांनीं खालीं बैठकीकडे पाहिलें, मग तिच्याकडे पाहिलें, आणि पुसिलें, "ठकूबाई, हें खरें?" ती म्हणाली, "खरं हाय म्हाराज. पर म्या मुद्दाम न्हाई केलं. बसलं, आन् डोळाच लागला." महाराज म्हणाले, "लागणारच. आम्हांसही मघां विहिरीच्या कज्जांत लागत होता." दरबार हंसला. महाराज हंसले नाहींत. ते म्हणाले, "दिवाणजी, सव्वा वर्ष ही बाई आमच्या चौकांत उभी राहिली, आणि आम्ही सज्जांतून पाहत राहिलों. तिनें आपलें सुख आम्हांस बसावयास दिलें, आणि आम्ही उठावें म्हणतां? आम्ही उठत नाहीं. राणबा निर्दोष आहे. बेड्या तोडा. आपल्या मेहुण्यास उद्यां घेऊन यावें, आणि आपणही यावें." बसून बोलले. हुकूम जाहला.

लोहारानें बेड्या तोडल्या, आणि शिपायांनीं हात सोडिले, आणि राणबा गुडघ्यांत मोडला. जमिनीवर बसावें तर पाय वांकेनात, उभें राहावें तर पाय धरीनात. दरबारांत त्यास टेकावयास कांहीं नव्हतें. तेव्हां महाराज उठले, खुर्ची स्वतः एका हातानें उचलिली, भर दरबारांतून चालत गेले, आणि राणबापाशीं ठेविली. राणबा म्हणाला, "नगं सरकार, अंगाला घाण हाय माझ्या." महाराज त्याच्या काखेंत हात घालून उभे राहिले. दुसरीकडून ठकूबाईनें धरिलें, आणि म्हणाली, "बसा हो मुकाट्यानं. चांगली हाय. म्या झोपून बघितलीय." मग राणबा बसला. त्याची पाठ टेकली, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडूं लागला, आणि ठकूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली, आणि महाराज कंबर धरून खांबास टेकून उभे होते, आणि दरबारांत एकही माणूस बसला नाहीं.

तात्पर्य इतकेंच. ती खुर्ची राणबानें घरीं नेली. केरोबानें त्याच ठशावर महाराजांस दुसरी करून दिली, आणि मग चावडीवर, दवाखान्यांत, किल्ल्याच्या दाराशीं भाकर घेऊन येणाऱ्या बायांसाठीं, जेथें जेथें माणूस ताटकळतो तेथें तेथें करून दिल्या. देणाऱ्यानें दिलें, घेणाऱ्यानें मानिलें, राज्य सुखी जाहलें. लेखकाची कंबरही बरी आहे. ठकूबाईस आमचा दंडवत.