गेलं कुठं?

आहेर सरांबरोबर मिसळ खायला जाणं ही एक शिक्षाच होती. पंचवटीतल्या त्या हॉटेलात वेटर दुसऱ्यांदा रस्सा घेऊन आला की सर ताटलीवर हात धरत. "रस्सा कशाला? पाव संपला. जे आधी संपतं, त्याच्यावर सगळं अडतं." मग त्याला लिमिटिंग रिएजंट समजावून सांगत. तो बिचारा मुकाट्याने दोन पाव ठेवून पळायचा.

सर आम्हाला कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. मूळचे कळवणकडचे, लग्न केलं नाही, एकटेच राहत. चिडले की अहिराणीवर येत, "कमी काय शे, ते आधी देख."

त्यांचा लाडका प्रयोग एकच. बेरियम क्लोराइडमध्ये सोडियम सल्फेट ओतायचं, पांढरा साका गाळायचा, धुवायचा, वाळवून तोलायचा. कोणतं द्रावण आधी संपलं ते काढायचं, म्हणजे साका किती मिळायला हवा होता ते कळतं. त्यातला किती मिळाला, त्याची टक्केवारी लिहायची. इथवर सगळीकडे सारखंच. सर मात्र शेवटी एक जास्तीचा रकाना आखायला लावत: 'गेलं कुठं?' काचकांडीला चिकटलं, सांडलं, बेसिनमध्ये गेलं, जे झालं ते लिहायचं. कुणाचे एकशे बारा टक्के आले तर म्हणत, "वाळवलाच नाहीस. पाणी तोललंस तू." बासष्ट टक्के आणून खरं कारण लिहिणाऱ्या एका मुलीला त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

मी वर्गातला हुशार, तीच पंचाईत झाली. माझे एकाहत्तर टक्के आले. घाईघाईत गाळलं होतं, बराच साका कागदातून निसटला होता. मला लाज वाटली. मी शहाण्णव टक्के धरून उलटं गणित केलं, तसं वजन लिहिलं, साक्यासकट गाळणकागद टेबलावरच टाकला आणि रकान्यात ठोकून दिलं, 'काचकांडीला चिकटलं.' सरांनी वही पाहिली आणि सही केली.

पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागलो. दरवर्षी त्या प्रयोगाच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येत.

"काय रे, तुझं कुठं गेलं होतं?"

"काचकांडीला, सर."

मला वाटे, म्हातारा कौतुकाने आठवण काढतोय. ते जरा घुटमळत आणि जात. निवृत्त होऊन कळवणला गेल्यावर दिवाळीच्या फोनवरही तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर.

सर वारले तेव्हा पुतण्याने त्यांच्या विभागातल्या कपाटाची किल्ली आणून दिली. कपाट मीच आवरलं. तळाशी एक पाकीट होतं. आत माझा तो गाळणकागद, वर वाळलेली पांढरी पूड. त्यांनी तेव्हाच तो साका स्वतः तोलला होता. पाकिटावर सरांच्या अक्षरात माझं नाव, 'एकाहत्तर टक्के', आणि खाली 'गेलं कुठं?' पुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

इतकी वर्षं ते एका वाक्याची वाट बघत होते, आणि मी ते फोनवर सहज बोलू शकलो असतो. याची टोचणी जात नाही.

मी पेन काढलं आणि खरं काय झालं ते लिहिलं. खाली सरांच्या सहीची जागा तशीच राहिली.