अनसूयाबाईंच्या मोरीत पाणी उलटले त्याची हकीकत

श्रीमोरीमाता सुप्रसन्न. सकळ सांडपाणी जिच्या कृपेने वाहते, तीस दंडवत करून हकीकत लिहितो ती ऐसी जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन वद्य नवमीचे दिवशी एका राज्यात प्रलय जाहला. राज्य म्हणजे दुमजली घर. वर मालक श्रीमंत रंभाजीराव टेंभुर्णीकर सपत्नीक नांदत, आणि खालच्या दोन खोल्यांत अनसूयाबाई गुरसाळे नामे भाडेकरू चकल्या-शेव तळून विकीत व पोट भरीत. गावाचे गटार तेथवर पोहोचले नव्हते, म्हणोन वरचे-खालचे सांडपाणी अंगणातील एकाच सेप्टिक टाकीत पडे, आणि ती टाकी आठ वर्षे उपसली नव्हती, कारण आपल्या राज्यात घाण साचते हेच रावसाहेबांस मान्य नव्हते.

त्या दिवशी दिवाळीच्या चकल्या खाली परातींत निवत होत्या, इतक्यात मोरी गुडगुडली, आणि काळे पाणी उलटे वर आले, आणि तिन्ही पराती त्यात बुडाल्या. मग पदर खोचून बाई वर गेल्या. रावसाहेब झोपाळ्यावरून न उतरताच न्याय करिते जाहले, "तुमच्याच कढईचा हा प्रताप! तेल तुम्ही ओतता, तुंबते माझी टाकी. दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करा."

"रावसाहेब, उरलेले तेल मी गाळून ठेवते, कढई कागदाने पुसून मगच घासते. एकदा उघडून तर पाहा."

"पाहायचे काय त्यात? वास आला, पुरावा झाला!"

ऐसी थोर न्यायबुद्धी पाहून बाई खाली आल्या, आणि चकल्या उकिरड्यावर टाकताना रडल्या, आणि मग अकरा वर्षांचा संसार पोत्यांत भरू लागल्या. परंतु तिसरे दिवशी रावसाहेबांचे व्याही यावयाचे होते, आणि तोवर दुर्गंधी जिना चढोन झोपाळ्यापर्यंत आली. मग टाकी उघडणे राज्यहिताचे ठरले. उपसणारी गाडी आली, आणि बाईंचा गुन्हा चारचौघांत उघडा पडावा म्हणोन रावसाहेबांनी शेजारीपाजारी अगत्याने बोलाविले.

गाडीबरोबर आलेल्या दगडूमिस्त्रींनी टाकीआधीच्या चेंबरचे झाकण सारिले. आत दोन पाइप येत होते. खालच्या घराचा पाइप स्वच्छ. दुसरा मात्र पांढऱ्या चरबीने माखलेला, आणि त्याच चरबीने टाकीकडे जाणारे तोंड गच्च दाटलेले, म्हणोन पाणी खालच्या मोरीत उलटे. मिस्त्रींनी सळई घालून नारळाएवढा गोळा बाहेर काढिला आणि विचारिले, "हा पाइप कुणाचा म्हणायचा?"

तोच वरच्या गॅलरीतून रावसाहेबांच्या पत्नी सगुणाबाई कडाडल्या, "अहो, किती वर्षं सांगतेय! दर रविवारी स्वतः मटण रांधता ते रांधा, पण उरलेला तवंग मोरीत ओतू नका!"

शेजारी हसले. रावसाहेबांनी आकाश न्याहाळिले, आणि दुसरे दिवशी जिन्यात फर्मान लाविले की सर्व भाडेकरूंनी भांडी पुसून घासावी. अनसूयाबाईंनी ते वाचिले, हातात पेन घेतले, 'भाडेकरूंनी' यापुढे 'व मालकांनी' ऐसे लिहिले, आणि वर जाऊन म्हणाल्या, "सही राहिली आहे तुमची." सगुणाबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणोन सही जाहली.

तात्पर्य, रावसाहेबांनी क्षमा मागितली नाही, राजे मागत नसतात. बाई तेथेच राहिल्या. गोळा शेजाऱ्यांनी फार दिवस आठविला. इति.