न्हाणीघरातलं अंतर्ज्ञान

नामंजूररावांच्या घरातलं एकुलतं एक न्हाणीघर मिस्त्रीने फोडलं, त्या दिवशी घरात सगळे खूश होते. जुन्या फरश्या निघाल्या, नळ निघाले, ओल आलेलं प्लास्टर पोत्यात भरून खाली गेलं. आता फक्त नवी फरशी निवडायची आणि बसवायची. बसवणं मिस्त्रीकडे होतं. निवडणं वहिनींच्या अंतर्मनाकडे होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात बसलं.

नामंजूरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत ते दाव्यांच्या टेबलावर बसत आणि आलेल्या बहुतेक कागदांवर हा एकच शब्द लिहीत. ऑफिसने बारसं केलं, आणि पुढे ते नाव सगळ्यांच्याच तोंडी बसलं. वहिनी म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. त्यांनी नुकताच मोबाइलवर टॅरो कार्डांचा एक कोर्स पूर्ण केला होता. ‘चित्रांतून स्वतःचा शोध’ असं त्याचं नाव. ही बाई आजवर हरवली कुठे होती हे नामंजूररावांना ठाऊक नव्हतं; पण शोध मात्र जोरात चालू होता.

“टॅरो म्हणजे भविष्य नव्हे हं,” वहिनी सांगायच्या. “तो आरसा आहे. चित्रातली खूण बघायची आणि आत काय उमटतं ते ऐकायचं.”

“माझ्या आत फक्त अंघोळ उमटतेय,” नामंजूरराव म्हणायचे.

निळ्या फरशीसाठी कार्ड काढलं तर चंद्र निघाला. खाली दोन कुत्री त्याच्याकडे बघून भुंकताहेत. चंद्र म्हणजे संभ्रम, निळी बाद. पांढरीसाठी काढलं तर मनोरा निघाला, त्यावर वीज पडलेली आणि दोन माणसं डोक्यावर आपटायच्या बेतात. “बघा, पांढरीवर पाय घसरणार!” वहिनी म्हणाल्या. मग मातकट फरशीसाठी काढलं, तर पांढऱ्या घोड्यावर बसलेला साक्षात मृत्यू.

“घाबरू नका. हे कार्ड वाईट नसतं,” वहिनी म्हणाल्या. “जुनं जातं, नवं येतं, एवढाच अर्थ.”

“जुनं गेलंच आहे. पोत्यात भरून गेलं. नवं कधी येतंय ते विचार त्या घोडेस्वाराला.”

या संशोधनाच्या काळात अंघोळीला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जावं लागे. काकूंचं न्हाणीघर फुकट होतं, पण आधी त्यांच्या गुडघ्याची हकीकत ऐकावी लागे, आणि ती ऐकेपर्यंत ऑफिसची वेळ व्हायची. मग नामंजूरराव तसेच जायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्यांदा खिडकी उघडली, मग पंख्याची दिशा बदलली, आणि शेवटी स्वतःचं टेबलच बदललं. घरात खूश एकटे बाबा, म्हणजे नामंजूररावांचे वडील. “अंघोळीचं एवढं काय घेऊन बसलास?” ते म्हणायचे. “शरीर काय, नाशवंत आहे.” त्यांचं नाशवंत शरीर आता लांबूनही ओळखू येत होतं.

शेवटी मृत्यूच्या साक्षीने मातकट फरशी ठरली. खोकी आली, हॉलमध्ये रचली गेली. मिस्त्रीने घमेल्यात सिमेंट कालवलं, थापी उचलली, आणि वहिनी आडव्या आल्या.

“मिस्त्री, एक कार्ड काढा. कारागिराचं मन कामात आहे की नाही ते कळायला हवं.”

“मन कशाला हवंय?” नामंजूरराव ओरडले. “हात पुरेत!”

पण मिस्त्रीने हात पँटला पुसून कार्ड काढलंसुद्धा. चित्रात आठ पेले नीट रचून ठेवले होते, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघाला होता.

“काय वाटतं? डोक्याने नको, आतून सांगा.”

मिस्त्री चित्राकडे बघतच राहिला. कुठली फरशी वाकडी लागलीय हे त्याला आयुष्यभर लोकांनी सांगितलं होतं. आतून काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. “वहिनी,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हा मीच हो. लोकांच्या घरात रचून रचून जन्म गेला. माझ्या घरात अजून उघडी जमीन आहे.”

वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं. मिस्त्रीने थापी खाली ठेवली.

“येतो साहेब. जरा स्वतःला शोधून येतो.”

“अहो, पण कधीपर्यंत?”

“ते आतून कळेल.”

संध्याकाळपर्यंत घमेल्यातलं सिमेंट दगड झालं. ते उचलेना, म्हणून दारातच राहिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा अंगठा फोडू लागलं. नामंजूररावांनी दुसऱ्या मिस्त्रीला फोन केला. तिसऱ्यालाही केला. दोघांचं उत्तर एकच: दुसऱ्याने हात घातलेल्या कामात आम्ही हात घालत नाही. अखेर ते कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेले. मिस्त्री तिथे स्वतःला शोधत बसला होता. तिसरा कप चालू होता.

“पाया पडतो, चला,” नामंजूरराव म्हणाले.

मिस्त्री अर्धं बाक सरकला. त्याने चहा मात्र सोडला नाही. “नको साहेब. कार्डाने उठवलंय, आता कार्डानेच बसवलं तर येईन. रविवारी वहिनींकडे दुसरं काढतो.”

माणूस अंघोळीला किती मुकला म्हणजे लबाडी करतो, याचा हिशेब शास्त्रात नाही. रविवारी सकाळी वहिनी बादली-टॉवेल घेऊन काकूंकडे गेल्या, आणि आयुष्यात खोट्या दाव्यांवर तुटून पडणाऱ्या या गृहस्थाने कार्डांचा गठ्ठा उपसला. त्यात त्यांना हवा तो माणूस सापडला. अंगावर एप्रन, हातात हातोडी, बाकावर बसून एकामागून एक नाणं घडवतोय. मान वर करायलाही फुरसत नाही. यालाच म्हणतात मिस्त्री! त्यांनी तो गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवला आणि साळसूदपणे पेपर उघडला.

मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आला. वहिनींनी गठ्ठा हातात घेतला.

“थांबा, पिसते.”

“नको नको! मी पिसलीत. चांगली पिसलीत.”

वहिनींचा चेहरा असा उजळला, की लग्नातही तो तसा दिसला नसावा. “तुम्ही? आपण होऊन? अहो, मग पहिलं कार्ड तुमचं! ज्याने पिसलं त्याचा हात कार्डात उतरतो, कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“माझं काय मध्येच? मिस्त्रींना दे ना!”

“काढा म्हणते ना!”

काढावं लागलं. अगदी वरचंच हातात आलं.

“अगंबाई!” वहिनींनी तोंडावर हात ठेवला. “एप्रन, हातोडी, खाली घातलेली मान... अहो, हे तुम्ही!”

मिस्त्रीने वाकून बघितलं आणि कार्डाला नमस्कार केला. “साहेब, ही फरशी तुमच्याच हातून लागायची आहे.”

“हा विमा कंपनीत चिकटला तेव्हाच मी म्हटलं होतं,” कोपऱ्यातून बाबा म्हणाले, “हा हाताने काही करणार नाही. कर आता.”

‘मी लबाडी केली’ हे शब्द नामंजूररावांच्या ओठांवर आले होते. पण बोलावं तर बायको कायमची रुसणार आणि मिस्त्री कायमचा जाणार. न बोलावं तर फरशी गळ्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात मिस्त्रीने स्वतःचं कार्ड काढलं. डोंगरावर कंदील धरून उभा असलेला एक म्हातारा.

“वाट दाखवणारा!” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही आता फक्त दाखवायचं.”

मिस्त्रीला हे एवढं आतून पटलं, की तो लगेच बादली उपडी करून न्हाणीघराच्या दारात बसला. आत नामंजूरराव गुडघ्यांवर.

“ढाळ जाळीकडे द्या साहेब, नाहीतर पाणी हॉलमध्ये येऊन बसेल. ही वाकडी. काढा.”

“दिसत नाही हो वाकडी.”

“नामंजूर!” मिस्त्री म्हणाला, आणि हॉलमध्ये बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पहिली ओळ तीनदा निघाली. गुडघे सोलले, नखांत सिमेंट गेलं, शिव्या तर कुठल्या कुठल्या वयातल्या आठवल्या. आणि मग दुसऱ्या ओळीत एक फरशी त्यांनी टेकवली, रबरी हातोडीने दोनदा ठोकली, आणि ती बसली. अगदी बसली. हात फिरवला तर कुठे अडत नव्हतं. नामंजूररावांना आनंद झाला. लहान मुलाला होतो तसा, कारण नसलेला आनंद. इतकी वर्षं लोकांना ‘नाही’ म्हणण्यात गेली. आज पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी जागच्या जागी लागलं होतं. त्यांनी सोमवारची रजा टाकली. मंगळवारचीही टाकली. ऑफिसने ती अत्यंत तत्परतेने मंजूर केली.

काम पुरं झाल्यावर मिस्त्रीने ओंजळभर पाणी ओतलं. ते गुमान जाळीकडे गेलं. “चालेल,” तो म्हणाला. त्याच्या धंद्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं. नामंजूररावांनी दार लावून अशी अंघोळ केली की गरम पाणी संपलं, थंड संपलं, आणि बाहेर बाबा आपली पाळी टळल्याच्या समाधानात झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी खालच्या काकू न्हाणीघर बघायला आल्या. बघून हरखल्या. “अरे, हे तू केलंस? आमच्या स्वयंपाकघराचीही फरशी उखडलीय रे. कधी येतोस?”

नामंजूररावांनी रुमालाने हात पुसले आणि काकूंच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघितलं.

“उद्या सकाळी येतो, काकू. नक्की.”

सकाळी काकूंनी स्वयंपाकघर रिकामं केलं. डबे, भांडी, शेगडी, सगळं हॉलमध्ये मांडलं आणि दार उघडं ठेवून बसल्या. दुपार झाली. वर नामंजूररावांचा फोन वाजू लागला. वहिनी कार्डं शिकवत होत्या, समोर मिस्त्री शिष्य होऊन बसला होता.

“अहो, काकूंचा असेल. उचला ना,” वहिनी म्हणाल्या.

नामंजूररावांनी फोनकडे पाहिलं, चहाचा एक घोट घेतला, आणि फोन उशीखाली सरकवला.

“वाजू दे,” ते म्हणाले. “परवा बघू.”

मिस्त्रीने हातातलं कार्ड खाली ठेवलं. साहेबांना हात जोडले.

“वहिनी,” तो म्हणाला, “साहेब तयार झाले.”